चाळीस गिरण्यांतला एक हात

दरवर्षी दसऱ्याला येसूबाई काशीदहून यायची ती हळव्या भाताच्या लोंब्या आणि टोपलीभर झेंडू घेऊन. कारखान्यातल्या एकेका यंत्राला ती स्वतः हळदकुंकू लावायची, मालक अंबाजीला भाऊ म्हणून ओवाळायची आणि जेवून दुपारच्या एसटीनं परत जायची. अठरा वर्षांत यात खंड पडला नव्हता. या वर्षीही ती आली, पण हातात लोंब्या नव्हत्या. तांदळाची एक पिशवी होती, आणि ती कारखान्याच्या दारातच उभी राहिली.

"आत्या, आत या ना," अंबाजीची सून सोनल म्हणाली. "पूजा तुमच्यासाठीच थांबलीय."

"आधी गणूला बोलव. माझ्या मशिनीला काय झालंय ते सांगा. मग बसते."

सोनल गोंधळली. माणगावच्या या कारखान्यात भात भरडायची यंत्रं बनत, आणि जिल्ह्यातल्या चाळीस गिरण्यांत ती बसवलेली होती. कुठं काही बिघडलं की पहिला फोन सोनललाच यायचा, कारण सासऱ्यांनी गिऱ्हाइकं जोडली होती, नवऱ्यानं वाढवली होती, पण रोजचं बोलणं तिच्याच अंगावर होतं. काशीदच्या गिरणीवरून वर्षभरात एकही तक्रार आली नव्हती.

"काय होतंय मशीनला? आवाज करतंय?"

"न्हाय."

"तापतंय?"

"न्हाय गं. तेच तर कळत न्हाय." येसूबाईनं पिशवी पुढं केली. "गिऱ्हाईक तुटलं माझं. शिमग्याआधी रेवदंड्याची, चौलची माणसं टेम्पो भरून येत व्हती. हॉटेलवाले सांगून ठेवत, की भात येसूबाईकडचाच भरडून आणा. आता शेजारच्या गावातली माणसं बी माझ्याकडं फिरकत न्हायत. मशीन तुकडा पाडत असंल, दुसरं काय?"

सोनलनं नवऱ्याला हाक मारली.

गणराज नव्या सदऱ्यात होता, हाताला शेंदूर लागलेला. त्यानं पिशवीतले तांदूळ पितळी ताटात ओतले, पसरले आणि खिडकीपाशी उजेडात नेले. बोटानं दाणे सारत तो बराच वेळ पाहत राहिला. शेरभर तांदळात मूठभर तुटकी कणी निघणं म्हणजे चांगलं भरडणं. इथं चिमूटभरही निघत नव्हती.

"आत्या, यात काही खोट नाही. इथं नवीन मशीन टेस्ट करतो ना, त्यावरसुद्धा इतका अख्खा दाणा येत नाही."

"मग माणसं का येत न्हायत?"

"ते मी कसं सांगू?"

"तू न्हाय तर कोण सांगणार? मी देवीला कौल लावला, तिनं उजवा दिला. वजनकाटा तपासून घेतला, तो बरोबर. कुणाला तोडून बोलले का म्हणून घरोघर जाऊन आले. सगळी म्हणतात, न्हाय हो येसूबाई, तुमचं काय चुकलं न्हाय. अरे, मग चुकलं कुणाचं?"

गणराजनं ताट खाली ठेवलं. त्याला आत कुठंतरी काहीतरी टोचलं. त्यानं ते बाजूला सारलं आणि बहिणीला हाक मारली, "शिवानी, सतरा नंबर उघड गं जरा."

शिवानी पुण्याहून इंजिनिअर होऊन आली त्याला तीन वर्षं झाली होती. यंत्रांवर पेट्या बसवायची कल्पना तिची. हाताच्या पंजाएवढी पेटी, त्यातून एक वायर मोटरला, एक रबरी रोल जवळ-लांब करणाऱ्या चाकाला, आणि तांदूळ पडतो तिथं वर एक बारका कॅमेरा. गेल्या दसऱ्यानंतर या पेट्या चाळीसही गिरण्यांत लागल्या. पेटी जे पाही ते शिवानीच्या स्क्रीनवर येई, आणि इथून गिरणीवाल्याच्या फोनवर सूचना जाई.

"काशीद ना? तिथं कशाला बघायचंय?" शिवानी हसत आली, लॅपटॉप उघडत. "आत्या, तू तर आमची टॉपर आहेस. हे बघ. चाळीस मशीन, सगळ्यांत कमी तुकडा तुझा. सलग अकरा महिने."

येसूबाईनं स्क्रीनवरच्या रंगीत रेघांकडे पाहिलं. तिला त्यातलं काही उमगलं नाही. गिरणी चांगली असेल तर माणसं का तुटली, आणि माणसं तुटली असतील तर ती चांगली कशी, हे तिच्या डोक्यात काही केल्या जुळेना.

तेवढ्यात अंबाजी आला. सत्तरीतला, पांढराशुभ्र लेंगासदरा, कपाळाला कुंकू. "येसू! उशीर केलास गो. यंत्रं खोळंबलीत तुझ्यासाठी."

"दादा, माझी गिरणी बसत चाललीय."

अंबाजीचं हसू तसंच राहिलं, पण डोळे ताटाकडे गेले, मग स्क्रीनकडे, मग मुलीकडे. "आधी पूजा करू," तो म्हणाला. "मग सगळं बघू."

पूजा सुरू होणार इतक्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. चौलचा गिरणीवाला धर्मा पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन उतरला. पन्नाशीचा, गडगडाटी आवाजाचा माणूस. चार वर्षांपूर्वी यंत्र परत न्या म्हणून याच दारात भांडून गेला होता.

"अंबाजीशेट, पाया पडू द्या आधी!" तो वाकलासुद्धा. "शिवानीताई, तुमच्या पेटीनं नशीब फिरवलं हो माझं. पोफळीच्या वाड्यांतल्या बायका बी माझ्याकडं भात आणतात आता. पूर्वी काशीदपर्यंत जायच्या!"

गणराज पुढं झाला. "धर्माशेट, पेढे द्या आणि बसा, पूजा..."

"अहो, सांगू तर द्या! जानेवारीत फोनवर आलं ना ते, पहिला हात सैल. मी म्हटलं, वेडं झालं का मशीन? पहिल्या फेरीला रोल सैल ठेवले तर अर्धा भात सालासकट तसाच खाली येईल. पण म्हटलं बघू. पहिला हात सैल, मग भात काढून पसरायचा, रोल गार होईस्तो थांबायचं, मग दुसरा हात चाक अर्धा वेढा आवळून. आणि दमट हवा असली तर तो पण पाव वेढाच. काय सांगू, दाणा असा अख्खा पडतो, जसा काय..."

येसूबाईला पुढचं ऐकू आलं नाही.

पहिला हात सैल. तिचा नवरा गेला तेव्हा ही गिरणी विकून टाक असं सगळी भावकी म्हणाली होती. एकटा अंबाजी तिच्या बाजूनं उभा राहिला. पंधरा दिवस काशीदला राहून त्यानं तिला यंत्र खोलायला, जोडायला शिकवलं. पण भात भरडायला त्यानं शिकवलं नव्हतं. ते त्यालाही येत नव्हतं. समुद्रावरून वारं आलं की दाणा आतून मऊ पडतो आणि आवळल्या रोलात फुटतो, हे तिला चार पावसाळे तांदूळ नासवल्यावर कळलं. थांबायचं किती, ते रोलाला तळहात लावून तिनं ठरवलं. नवऱ्याच्या पश्चात तिनं स्वतः मिळवलेलं असं एवढंच होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलंही नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

आणि आता हा चौलचा माणूस ते पाठ म्हणून दाखवत होता.

"हे तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"पेटीनं," धर्मा म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं. चाळीस गिरण्यांत असंच भरडतात आता."

येसूबाई जवळच्या खोक्यावर बसली. "पेटीला कुणी सांगितलं?"

धर्माचा पेढ्याचा हात तसाच पुढं राहिला. आपण काय चुकीचं बोललो हे त्याला कळेना.

शिवानीनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आत्या, तुझंच आहे ना ते. सतरा नंबरचंच आहे. पेटीनं तुझं चाक कसं फिरतं ते बघितलं, मी ते सगळ्यांना पाठवलं. मला वाटलं, तुला माहीत आहे. मला वाटलं, तुला आवडेल."

"मला दादानं सांगितलं व्हतं, बेअरिंग तापलं की पेटी सांगंल. दुसरं कायबी न्हाय."

"पण परवानगी दिलीस ना तू? फोनवर आकडा आला होता..."

"तो मी दादाला वाचून दाखवला. दादा म्हणाला, सांग आकडा, मी सांगितला. सहा आकडे व्हते. त्यात माझा हात गेला व्हय?"

शिवानीनं वडिलांकडे पाहिलं. गेल्या वर्षी कारखान्याच्या पायरीवर बसून तिनं त्यांना विचारलं होतं, अगदी स्पष्ट विचारलं होतं. आप्पा, पेटी काय काय टिपते ते सगळ्यांना नीट सांगितलंत ना? आणि ते म्हणाले होते, "अगं, माझ्या घरचीच माणसं ती. सांगायचं काय त्यात?" तिला ते हो वाटलं होतं.

"मशीन आपलं आहे," गणराज एकदम म्हणाला. "पेटी आपली. त्यातनं जे निघालं ते सगळ्या गिरण्यांच्या भल्याचं निघालं. आत्या, तुझं वाईट व्हावं असं कुणाच्याही मनात नव्हतं. पण हे आता मागं घेता येणार नाही. दिवाळीनंतर चिपळूणचे लोक येतायत, तिकडं साठ गिरण्या आहेत. ते मशीन बघून येत नाहीयेत, ही सूचना बघून येतायत."

"तुम्हाला माहीत होतं," सोनल म्हणाली.

"काय?"

"हे आत्यांचं आहे, हे त्यांना सांगितलेलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मघाशी ताट बघताना तुमचा चेहरा बघितला मी."

गणराजनं बायकोकडे असं पाहिलं की जणू ती भलत्याच घरातून बोलतेय. आजवर सासरे आणि नवरा यांच्यात काही झालं तर सोनल नवऱ्याकडे असायची. नणंदेच्या पेट्यांना तर तिचा सुरुवातीला विरोधच होता, आणि तेव्हा गणराजनं तिला समजावलं होतं. आज कोण कुणाकडे, याचा त्याला पत्ता लागेना. "मला एवढंच माहीत होतं की आप्पांनी सांगितलं असेल. त्यांचं नातं, त्यांनी सांभाळायचं. मशिनरीचं मी बघतो, पेटीचं शिवानी. प्रत्येकाचं ठरलेलं आहे."

"आणि आत्यांचं कुणी बघायचं?"

"शिवानीताई, मी निघू का?" धर्मानं हळूच विचारलं.

"थांबा तुम्ही," येसूबाई म्हणाली. ती अंबाजीकडे पाहत होती. "दादा, तू बोल."

अंबाजी यंत्राला टेकून उभा होता. आयुष्यभर त्यानं बोलण्यावर माणसं जोडली होती. कुणाच्या बारशाला, कुणाच्या बाराव्याला, कुणाच्या शेतात लावणीला तो हजर असायचा. कुठल्या गिरणीवाल्याला काय गोड लागतं, हे त्याला ठाऊक होतं. आज त्यानं मुलीकडे बोट केलं.

"पोरीनं मला सांगितलं व्हतं," तो अखेर म्हणाला. "सगळं सांगितलं व्हतं. चाक, हात, सगळं जाणार म्हणून. मला निम्मं कळलं. जे कळलं, ते तुला सांगितलं तर तू पेटी लावून घ्यायची न्हायस, हे बी कळलं. आणि तू न्हाय म्हणालीस तर बाकीचे बी न्हाय म्हणतील. मग मी तिला हो म्हटलं, तुला बी हो म्हटलं. वाटलं, बहीण हाय. निभावून नेईन."

"आप्पा!" शिवानीचा आवाज फुटला.

"बहीण हाय," येसूबाईनं सावकाश म्हटलं. तिला राग यायला हवा होता. रागाऐवजी भलतंच काहीतरी येत होतं. चाळीस गिरण्यांत आपला हात फिरतोय, कधी न पाहिलेल्या घरांत आपल्या हातचा अख्खा भात शिजतोय, याचं एक वेडं सुख तिला छातीत जाणवत होतं, आणि त्याच क्षणी स्वतःच्या गिरणीचा ओस पडलेला ओटा डोळ्यांपुढे येत होता. यातलं खरं कुठलं, हे तिला सांगता आलं नसतं.

"मला दाखव ते," ती शिवानीला म्हणाली.

शिवानीनं लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. "ही निळी रेघ म्हणजे चाक. वर गेली की आवळलं, खाली आली की सैल. हे दिवस."

येसूबाई वाकून पाहू लागली. मग तिचं बोट एका जागी थांबलं. "हे मी न्हाय."

"म्हणजे?"

"हे तीन दिवस. हा रघू. दिराचा रघू. मी मुरूडला दवाखान्यात व्हते तेव्हा तो बसला व्हता. बघ की, थांबतच न्हाय मेला, सारखा आवळतो." तिचं बोट पुढं सरकलं. "ही मी. इथं वारं फिरलं असंल. हां, संकष्टीचा दिवस. आणि हे काय गं? इथं असं खड्ड्यागत का झालंय?"

"ते मलाही कळलं नव्हतं. मी ते चूक समजून काढून टाकलं."

"चूक कसली? त्या दिवशी खाडीकाठच्या खारजमिनीतलं भात आलं व्हतं. त्याला सैल हात तीनदा द्यायचा. तो दाणा लवकर चिडतो."

शिवानी तिच्याकडे पाहतच राहिली. अकरा महिने ती या रेघांवर जगत होती. प्रत्येक खड्ड्यामागे एक शेत होतं, एक वारा होता, कुणाचं तरी आजारपण होतं, आणि तिनं त्याची सरासरी काढून चाळीस ठिकाणी पाठवलं होतं. ते उपयोगी पडलं, हेही खोटं नव्हतं. ती दोन्ही गोष्टी एकत्र धरायचा प्रयत्न करत होती आणि तिला जमत नव्हतं.

"आत्या, मी आत्ता तुझ्या चाकाचं टिपण बाहेर जाणं बंद करते," ती म्हणाली. "जे गेलं ते परत आणता येणार नाही. पण यापुढं तुझ्या गिरणीतलं काही तुझ्याशिवाय जाणार नाही. आणि जे गेलंय त्यावर तुझं नाव टाकते. सगळ्यांच्या फोनवर."

"शिवानी, चिपळूणवाल्यांना काय सांगणार मी?" गणराज ओरडला.

"हेच," सोनल म्हणाली. "काशीदच्या येसूबाईंचं आहे म्हणून. मी फोन करते, तुम्हाला जमत नसेल तर."

शिवानीनं दोनचार बटणं दाबली. सतरा नंबरच्या पुढचा हिरवा ठिपका करडा झाला. एवढंच घडलं. गणराजला वाटलं, काहीतरी मोठं कोसळेल. काही कोसळलं नाही. बाहेर महामार्गावर गाड्या जात राहिल्या.

धर्मा इतका वेळ टोपी हातात घेऊन उभा होता. तो पुढं आला. पेढ्यांचा पुडा त्यानं येसूबाईच्या पायाशी ठेवला. "मला माहीत नव्हतं हो. देवाशपथ न्हाय. तुमची गिऱ्हाइकं मी..." तो अडखळला. "पण येसूबाई, एक विचारू? राग धरू नका. आमच्याकडं पण खारजमिनीतलं येतं. कोरलईच्या बाजूचं. ते मला अजून साधत न्हाय. पेटी त्याला कायबी सांगत न्हाय."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. गणराजला वाटलं, ती आता याला हाकलून देईल. सोनललाही तेच वाटलं. अंबाजीनं मान खाली घातली.

येसूबाईनं पदरानं चष्मा पुसला. गेले सहा-सात महिने ती माणसांना विचारत फिरली होती, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी तिला काही विचारत होतं. याच माणसानं तिची गिऱ्हाइकं नेली होती. आणि तोच विचारत होता.

"असं उभ्याउभ्या न्हाय सांगता येत," ती म्हणाली. "हाताखालून जावं लागतं. तुझ्याकडं त्यातलं भात शिल्लक हाय?"

"हाय की. दोन पोती."

"मग ती घेऊन माझ्या गिरणीवर ये. माझ्या मशिनीवर भरडू. आणि तुझ्याकडं येतात ना पोफळीवाल्या बायका, त्यांना सांग, बारीक भात काशीदला न्या, खारं तुझ्याकडं. तुला जमत न्हाय तोवर ते बी माझ्याकडं."

धर्मा क्षणभर घोटाळला. हा सौदा होता, शिक्षा होती की उपकार, त्याला कळेना. "चालंल," तो म्हणाला. "आत्ताच चला. मी त्याच रस्त्यानं जाणार. पोती घेऊ आणि पुढं तुम्हाला सोडतो."

"आत्या, पूजा?" सोनलनं विचारलं.

येसूबाई उठली. कुंकवाचा करंडा घेऊन ती एकेका यंत्रापाशी गेली. प्रत्येकाला बोट लावलं. ओवाळणीचं ताट तयार होतं, त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही, आणि अंबाजीनंही ते पुढं करायला सांगितलं नाही. ती बाहेर पडली आणि धर्माच्या शेजारी टेम्पोत बसली. शिवानी लॅपटॉप छातीशी धरून खिडकीपाशी गेली.

"आत्या, मी येऊ शिकायला? पेटी न घेता?"

"दिवाळीनंतर ये. हात मोकळे ठेवून ये."

टेम्पो सुरू झाला. तेव्हा अंबाजी फाटकातून जवळजवळ धावत आला. काचेवर हात ठेवून तो उभा राहिला. धाप लागली होती. अठरा वर्षांत त्यानं येसूबाईला असंख्य गोष्टी सांगितल्या होत्या. काय कर, काय करू नको, कुणाला भेट, कुठं सही कर. विचारलं असं कधी काही नव्हतं.

"येसू," तो म्हणाला, "मी येऊ?"

तिनं समोर रस्त्याकडे पाहिलं. धर्मानं इंजिन बंद करावं की नाही, हे न कळून पाय क्लचवर तसाच ठेवला.

"पुढं जागा न्हाय," ती म्हणाली.

अंबाजी काच सोडून मागं सरला. मग तिचा आवाज पुन्हा आला, त्याच्याकडे न बघताच.

"मागं बस."

"आप्पा, मी गाडी काढतो," गणराज धावला. "अहो, पांढरे कपडे, कोंडा आहे सगळा मागं!"

अंबाजीनं ऐकलं नाही. त्यानं एक पाय टेम्पोच्या मागच्या फळीवर टाकला, दुसरा टाकताना तोल गेला. सोनल आणि शिवानी दोघींनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं. रिकाम्या गोणत्यांवर, उडालेल्या कोंड्यात, दसऱ्याच्या नव्या कपड्यांनिशी तो बसला आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. टेम्पो महामार्गावर वळेपर्यंत गणराज फाटकात उभा होता. आपलं आज काय गेलं आणि काय वाचलं, हे त्याला कुणाला विचारावं ते सुचत नव्हतं.